आजीची औषधांची पिशवी

भात निसवायला लागले की मावळात आमची धावपळ वाढते. खोडकिडा आहे का, करप्याचे ठिपके दिसतात का, बुडात तुडतुडे साचलेत का, हे बांधाबांधाने हिंडून पाहावे लागते. सप्टेंबरअखेरच्या अशाच एका सकाळी मी लोणावळ्याजवळ औंढ्याला गेलो होतो. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच उघडला होता. इंद्रायणी भाताच्या खाचरात उतरून चार चूड तपासतो न तपासतो तोच गावाकडून ढोलकीचा आवाज आला. बरोबरचे शेतकरी म्हणाले, "साहेब, कॉलेजची पोरं आलीत. पांढरे डगले घालून."

मला वाटले, पोलिओचे डोस असतील, नाहीतर रक्तदान शिबिर. जाऊन पाहतो तर औषधनिर्माणशास्त्र शिकणारी, म्हणजे फार्मसीची, पंचवीस-तीस मुले-मुली. पांढरे ॲप्रन, हातात पुठ्ठ्याचे फलक. २५ सप्टेंबर हा जागतिक औषधनिर्माता दिन. फार्मासिस्ट मंडळींची जागतिक संघटना १९१२ साली याच तारखेला स्थापन झाली, आणि २००९ साली इस्तंबूलच्या अधिवेशनात हा दिवस पाळायचे ठरले. आपल्या देशात नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय औषधनिर्माण सप्ताहही होतो. या दोन्ही वेळी फार्मसी कॉलेजांची मुले फेऱ्या काढतात, पथनाट्ये करतात. एरवी हे सारे शहरातल्या चौकात होते. ही मुले खेड्यात आली होती, म्हणून मी पायाचा चिखल धुऊन देवळाच्या ओट्यावर टेकलो.

पथनाट्य साधेच होते. औषधाचे दुकान. एक गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "परवा दिली होती ना, ती पिवळी गोळी द्या." दुसरे येते, त्याच्या हातात रिकामी पट्टी. तिसरे म्हणते, "शेजारच्या वहिनींना जी लागू पडली तीच द्या, लक्षणं सारखीच आहेत." दुकानातला मुलगा काही विचारू लागला की प्रत्येकाचे एकच उत्तर, "घाई आहे हो, गाडी चुकंल!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू येणारच. त्यातले कोण पिवळी गोळी मागत नाही? मीही मागितलेली आहे. ते पुढे सांगेन.

पण नाटकापेक्षा मोलाची गोष्ट बाजूच्या टेबलावर चालली होती. मुलांनी आदल्या दिवशीच निरोप दिला होता : घरात असतील-नसतील तेवढी सगळी औषधे पिशवीत घालून आणा, चालू असलेली आणि बंद केलेलीही. सत्तरीच्या एका आजींनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. पट्ट्या, मलमाच्या ट्यूबा, अर्धी भरलेली खोकल्याची बाटली, आणि चुना-तंबाखूची डबीही. डबी त्यांनी गडबडीने परत घेतली.

टेबलामागची मुलगी वीस-एकवीस वर्षांची असेल. तिने एकेक पट्टी उजेडाकडे धरून मागचा बारीक मजकूर वाचला, आणि दोन पट्ट्या बाजूला काढून ठेवल्या.

"आजी, ही गोळी कशाची?"

"ती बीपीची. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी दिली. लई दिसांपास्नं चालू हाय."

"आणि ही?"

"ती बी बीपीचीच. पाडव्याला लेकीकडं पुण्याला गेले व्हते, तिथं चक्कर आली, तिथल्या डॉक्टरांनी दिली. तवापास्नं दोन्ही घेते. एक सकाळी, एक रातीला. बीपी जास्त हाय ना माझं!"

मुलीने दोन्ही पट्ट्या सरांना दाखवल्या. वरची नावे निराळी, कंपन्या निराळ्या, पट्ट्यांचे रंगही निराळे. आत औषध मात्र एकच, ॲम्लोडिपिन. पुण्याच्या डॉक्टरांना पहिली गोळी कोणी दाखवलीच नव्हती आणि लोणावळ्याच्या डॉक्टरांना दुसरीचा पत्ता नव्हता. कोणाचीच चूक नाही म्हणा, किंवा सगळ्यांची थोडी थोडी. आजी पाच-सहा महिने दुप्पट मात्रा घेत होत्या.

मग मुलीने विचारले, "आजी, पायाला सूज येते का? उठताना अंधारी येते?" आजींच्या सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अहो बाई, गौरी-गणपतीत गोठ्यात पडल्या. दावणीचा दगड लागला. आम्ही म्हटलं वय झालं." पाय सुजणे आणि उठल्यावर चक्कर येणे ही दोन्ही या औषधाची मात्रा जास्त झाल्याची लक्षणे असू शकतात. वयाच्या नावावर आपण किती गोष्टी खपवतो!

मला त्या मुलीचे कौतुक वाटले ते पुढच्या वागण्याचे. तिने "ही बंद करा" असे म्हटले नाही. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने एकदम सोडणे धोक्याचे असते, आणि कोणती ठेवायची ते डॉक्टरच ठरवतात. तिने कागदावर दोन्ही गोळ्यांची नावे, आतले औषध, मात्रा आणि वेळा लिहिल्या, खाली "दोन्हींत एकच औषध आहे, कृपया पाहावे" असे लिहून सरांची सही घेतली. सूनबाईंना सांगितले, "आजच्या आज लोणावळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका."

हे सारे दहा मिनिटांत झाले. मुलीने कोणते नवे औषध दिले नाही की तपासणी केली नाही. फक्त वाचले आणि विचारले.

आता हा फार्मासिस्ट म्हणजे कोण, हे आपल्या लोकांना नीट ठाऊक नसते. आपण त्याला "मेडिकलवाला" म्हणतो आणि किराणा दुकानदाराच्या पंगतीला बसवतो. माझ्या लहानपणी दवाखान्यात कंपाउंडर असे. खिडकीतून लाल मिक्श्चरची बाटली देई. बाटलीला कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे, एक दात म्हणजे एक डोस. चमच्याच्या भानगडीपेक्षा ती पट्टी बरी होती, असे मला आजही वाटते. तो कंपाउंडर पाहून पाहून शिकलेला असे. औषधशास्त्राचे रीतसर पदवी शिक्षण आपल्या देशात १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी सुरू केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फार्मसी कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. दुकानात काम करणाऱ्या दुसऱ्या कोणी द्यायचे तर त्याच्या नजरेखाली. त्यासाठी बारावी सायन्सनंतर किमान दोन वर्षांची पदविका आणि वर प्रत्यक्ष काम, नाहीतर चार वर्षांची पदवी लागते. २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. हाही अभ्यासक्रम आहे, त्यात मुले रुग्णालयात रोग्यांच्या खाटेशी उभी राहून शिकतात. आणि २०१५ च्या नियमावलीने रोग्याला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले आहे. म्हणजे आपण विचारतो ती मेहरबानी नव्हे, आपला हक्क आहे.

शेतकरी बंधूंना हे पटायला अवघड जाऊ नये. कृषी सेवा केंद्राचेच पाहा ना. एके काळी कोणीही कीटकनाशक विकत असे. "अळी पडलीय, काहीतरी जालीम द्या," एवढ्यावर डबा हातात येई. आता त्या परवान्यासाठी शेतीची किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाची पदवी अथवा पदविका लागते, आणि जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ पासून वर्षभराचा अभ्यासक्रम चालवला आहे. डब्यावरचा त्रिकोण वाचायला आम्ही तुम्हाला शिकवले : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लेबलावर पाहा, असे गेली तीस वर्षे मी सभांतून ओरडतो आहे.

आणि आता माझीच गोष्ट. आमच्या दादांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे दुखत. भातलावणीत आयुष्य गेलेले, महिना महिना चिखलात वाकून. डॉक्टरांनी एकदा पाच दिवसांसाठी वेदनाशामक गोळी लिहून दिली. बरे वाटले. मग दादा रिकामी पट्टी खिशात घालून दुकानात जायचे आणि नवी आणायचे. कधी मीच ऑफिसातून येताना आणायचो. दीड वर्ष. दुकानदाराने एकदाही विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. दादांना रक्तदाब होता. अशा माणसाने वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, हे आम्हाला पाय सुजून, लघवी कमी होऊन, रक्त तपासल्यावर कळले. पुढची चार वर्षे दादांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागले. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण गावोगाव वाचून दाखवणारा मी, माझ्या बापाच्या गोळीच्या पट्टीवरची लाल रेघ मला दिसली नाही.

ती रेघ वाचकांनी आजच घरातल्या पट्ट्यांवर पाहावी. डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. २०१६ साली केंद्र सरकारने अँटिबायोटिक औषधांच्या निमित्ताने या रेघेचा मोठा प्रचार केला. काही अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधे यांना तर २०१४ पासून आणखी कडक नियम आहे : दुकानदाराने रोग्याचे, डॉक्टरांचे आणि औषधाचे नाव, किती दिले ते सारे वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षे जपायचे. वहीत नाव लिहायला लागला म्हणून दुकानदारावर चिडू नका. तो आपले काम चोख करतो आहे.

विचारायचे काय, हा पुढचा प्रश्न. त्या दिवशी टेबलापाशी तासभर बसून मी जे ऐकले त्यातल्या लेकराच्या तापाच्या औषधाने मी हादरलो. पॅरासिटामॉल सगळ्यांना ठाऊक आहे. पण तान्ह्यांसाठी थेंबांची छोटी बाटली मिळते, तिच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या मुलांच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे छोट्या बाटलीतले औषध कितीतरी तीव्र. आई समजते, बाटली लहान म्हणजे औषध सौम्य, आणि चमचाभर पाजते. पाच मिलिलिटरच्या चमच्यात पाचशे मिलिग्रॅम! शिवाय घरातला चमचा कोणता? पोह्याचा, चहाचा की साखरेच्या डब्यातला? लेकराची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. तेव्हा दुकानात वजन सांगा आणि बाटलीबरोबरचे मापाचे टोपण टाकून देऊ नका.

दुसरी गोष्ट आठवड्याच्या गोळीची. संधिवाताला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलते, जीवही जातो. अशा गोळीच्या पाकिटावर फार्मासिस्टकडून वार लिहून घ्यावा. "दर सोमवारी" एवढे दोन शब्द.

भातशेतीतल्या मंडळींसाठी आणखी एक. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो, आणि त्यासाठी आरोग्य खाते काही ठिकाणी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देते. ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचे औषध तिच्या जोडीला घेऊ नये, गुण येत नाही. गरोदर बाई आणि लहान मुले यांना ती देत नाहीत. घरात एकाला मिळाली म्हणून सर्वांनी वाटून घेतली, असे होऊ नये. लोहाच्या गोळीचेही तसेच : आपल्या बायका ती चहाबरोबर गिळतात आणि "रक्त वाढत नाही" म्हणतात. चहाने लोह अंगी लागत नाही. तासभर अंतर ठेवा.

मावळातला पाऊस औषधांनाही सोसत नाही. चुलीवरच्या फळीवर किंवा न्हाणीच्या खिडकीत ठेवलेल्या गोळ्यांना ओल लागते. इन्सुलिन तर २ ते ८ अंश सेल्सिअसला लागते, आणि दोन दोन दिवस वीज जाते तिथे ते कसे सांभाळायचे हेही फार्मासिस्टला विचारण्यासारखे आहे. गाईला कासदाहासाठी अँटिबायोटिक टोचले की किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही, हे जनावरांच्या डॉक्टरांना आपण विचारतो. (विचारतो ना?) तसेच हे.

बिल घ्यावे, हा मुलांचा आग्रह होता. रुपयाच्या हिशेबासाठी नव्हे. त्यावर औषधाचा बॅच क्रमांक असतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक लेकरे दगावली. त्यांतली अनेक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी मेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती. असे काही घडले की एखादा बॅच परत मागवतात. तेव्हा आपल्या घरातली बाटली त्यातली आहे का, हे बिल असेल तर चटकन कळते. औषधाने काही विपरीत झाले तर कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी फोन क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र मुलांनी नाटकात दाखवली नाही, ती मी विचारली. पुष्कळ दुकानांत भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच, याचे काय? मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग टेबलावरचीच मुलगी म्हणाली, "काका, होतं तसं. पण दुकानात खरा फार्मासिस्ट असला तरी लोक थांबत नाहीत. आम्ही सुट्टीत दुकानात काम करतो ना. गोळी कशी घ्यायची सांगायला लागलं की म्हणतात, तू पैसे घे आणि दे." तिचे म्हणणे खोटे नाही. पण पहिली बाजूही खोटी नाही. ज्याचे प्रमाणपत्र भाड्याने टांगलेले आहे, त्याला विचारायचे तरी कुठे? गावच्या लोकांनी आत गेल्यावर सरळ म्हणावे, "फार्मासिस्ट कोण आहे? मला त्यांच्याशी बोलायचंय." चार जणांनी विचारले की मालकही खुर्चीवर माणूस बसवील. खात्यानेही तपासणी वाढवावी. तो विषय इथे संपत नाही, पण माझ्या अधिकारातला नाही.

पीककापणी प्रयोगासाठी ऑक्टोबरात पुन्हा औंढ्याला जाणे झाले. आजींच्या घरावरूनच वाट होती. सूनबाई अंगणात भात वाळवत होत्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी एक गोळी बंद केली होती, आठवड्याने पुन्हा बीपी पाहिले होते, पायाची सूज उतरली होती. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी मुलीने लिहिलेला कागद पिठाच्या खळीने चिकटवलेला होता. त्यावरचे एक नाव लाल पेनाने खोडलेले.

आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारले, "आजी, ती दुसरी पट्टी काय केली?"

त्यांनी कनवटीला हात लावला. "हाय की. टाकू कशी बाबा, पैसं मोजल्यात!"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला, पट्टी काढून घेतली आणि बाजारच्या पिशवीत टाकली. दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवून हिचे काय करायचे ते विचारून येते, म्हणाल्या.